डीजेचा स्टॉल आणि दाजीकाकांची खुर्ची

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि गेले सहा हंगाम मालवण तालुक्यात लग्नांना डीजे लावते. संपादकांना तसं कळवलं, तर उत्तर आलं, "तुमची पत्रकं वाचली आहेत. तसंच सरळ लिहा." पत्रक मला एका बैठकीत जमतं. दोषी कोण ते वर, मागण्या खाली. या मजकुरात दोषी ठरवताना माझी पंचाईत झाली, एवढं आधीच सांगते.

श्रावणात ओरोसहून फोन आला. तुळशीची लग्नं झाली की तिथल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं विवाह प्रदर्शन भरतं. आयोजक म्हणाले, "मॅडम, यंदाही स्टॉल घेताय ना? तीन दिवसांत सांगा, नंतर जागा उरणार नाही." श्रावणात आमचा धंदा बंद असतो. स्पीकर पडवीत फळ्यांवर, प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेले असतात आणि ओल धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मी ते तासभर चालू करते. फोन आला तेव्हा तेच चाललं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." मनात विचार झालेला होता. जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मला कळलं, की प्रश्न स्टॉलचा नव्हताच. दाजीकाका आमच्या टेम्पोत परत बसणार की कायमचे घरी राहणार, हा होता.

दाजीकाका माझे नात्याने कोणी नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी या भागात लग्नांना माइकसेट लावला. आधी झाडावर कर्णे बांधायचे, मग पेट्या आल्या, मग त्याला डीजे म्हणायला लागले. मी कणकवलीला कॉलेजात होते तेव्हा आम्ही पाचसहा जण गावोगाव एक पत्रक वाटत होतो. मथळा होता 'आवाज कमी करा'. भिंतीएवढे स्पीकर लावून मिरवणुका काढतात त्याविरुद्ध. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात भजी गुंडाळायचे. दाजीकाका हा एकच माणूस असा भेटला, ज्याने जनरेटरजवळ उभं राहून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "काय म्हणतंस ता मोठ्यान सांग गो. आयकाक येणा नाय." मला ती थट्टा वाटली. जनरेटर चालूच होता.

"आवाज कमी करून लगीन कसा वाजवतत, ता तुका म्हायत आसा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मगे आधी वाजवूक शिक. मगे बोंब मार."

मी शिकले. रागाने शिकले, म्हणून लवकर शिकले.

बाहेरच्यांना वाटतं डीजे म्हणजे गाणी लावणारा. गाणी आता कोणाच्याही फोनमध्ये असतात. आमचं खरं काम गाणी सुरू होण्याच्या तासभर आधी असतं. खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, उभं राहायचं आणि बघायचं. गोठा कुठे आहे? त्याच्याकडे स्पीकरची पाठ करायची. गाय बुजली तर मांडवाचा खांब जातो. ओटीवर कोण झोपलंय? म्हातारं माणूस असेल तर त्या बाजूचा स्पीकर जमिनीवरून उचलायचा, कारण खालचा धमाका जमिनीतून खाटेत शिरतो. आचाऱ्याला मांडवात हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे. नाहीतर भात करपतो आणि शिव्या डीजेला. भटजी उभे राहिले की सगळं बंद, आणि शेवटचं मंगलाष्टक संपलं की त्याच क्षणी सनई-चौघडा. रात्री दहाला मी बटण बंद करते. त्यावरून दोनदा माझी कॉलर धरली आहे. एकदा धरणारा नवरा मुलगा होता.

गिऱ्हाइकंही सांगते. कुणकेश्वरकडचे एक निवृत्त मास्तर गाण्यांची यादी टाइप करून घेऊन आले. 'अनुक्रमांक सात : विहिणींची पंगत. या वेळी विरहाची गाणी टाळावीत. मागील लग्नात याच कारणाने विहीण जेवली नाही.' मी ती यादी तंतोतंत पाळली आणि विहीण जेवली. दुसरा एक नवरदेवाचा भाऊ. तो म्हणाला, "ताई, छातीत धडधडलं पाहिजे." मी म्हटलं, "त्याला डॉक्टर लागतो." ते काम गेलं. त्याचं मला दुःख नाही.

आता प्रदर्शन. आमच्याकडे डीजेला काम मिळतं ते तोंडातोंडी. मांडववाला सांगतो, आचारी सांगतो, हॉलचा मॅनेजर सांगतो. हे सगळे पुरुष आहेत आणि त्यांच्या तोंडी बाईचं नाव येत नाही. मी लावलेल्या लग्नाचं कौतुक करताना ते म्हणतात, "त्या दाजीचो साउंड बरो हुतो." मिक्सरवर मी होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून गेल्या वर्षी मी ठरवलं, की मधल्या माणसांशिवाय लोकांनी मला बघावं. स्टॉल घेतला. फलकावर माझं नाव, माझं एकटीचं, मोठ्या अक्षरात.

तिथे जे बघितलं त्याने माझं डोकं फिरलं. नवरीसाठी पालखी, पालखीवर धूर, बर्फात कोरलेली नावं, वरून फोटो काढणारं ड्रोन. गावातली माणसं एसटीने यायची. नाचणीकाजूची शेती करणारी, चार खोल्यांच्या घरात लग्न उरकायचं म्हणणारी. आणि तासाभरात आपल्या खळ्याची लाज वाटून घेऊन परत जायची. ज्याची कालपर्यंत गरज नव्हती त्यावाचून लग्न अडेल, असं त्यांना तिथे शिकवलं जात होतं. हे मी आजही कुठल्याही चौकात उभी राहून म्हणेन.

आणि तिथे मी काय केलं? साउंडवाले आम्ही चार जण होतो. समोरच्याने दुपारी बाराला आवाज वाढवला. सगळी गर्दी तिकडे वळली. माझ्या स्टॉलवर एक गृहस्थ आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "डीजे खंय आसा?"

"मीच."

"तसा नाय. वाजवणारो खंय आसा?"

मी आवाज वाढवला. समोरच्याने वाढवला. मी अजून वाढवला. साडेबाराच्या सुमाराला मिक्सरवरचे दिवे हिरव्याचे तांबडे झाले आणि तांबडेच राहिले. शेजारी मेंदीचा स्टॉल होता. तिथली मुलगी मला काहीतरी ओरडून सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने मेंदीचा कोन घेतला, स्वतःच्या तळव्यावर लिहिलं आणि हात माझ्यासमोर धरला. 'आवाज कमी.' माझ्याच पत्रकाचा मथळा, फक्त 'करा' राहिलं होतं. तळव्यावर तेवढी जागा नव्हती.

मी आवाज कमी केला नाही. संध्याकाळपर्यंत पाच लग्नं ठरली होती. मी माझ्या मनाशी हिशेब मांडला, की आवाज वाढवला म्हणून ती मिळाली. त्या पाचांपैकी एकालाही मी तो दिवस विसरून भेटू शकले नाही. यंदा नको म्हणायचं कारण हे होतं. लोकांना मी दुसरीच कारणं सांगत होते.

दाजीकाकांची गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातली. धामापूरच्या अलीकडे एका वाडीत लग्न होतं. मंगलाष्टकांच्या वेळी मिक्सरवर नेहमी काका बसायचे. भटजींच्या शेवटच्या 'सावधान'वर त्यांनी सनई सोडली, की ती अशी पडायची की अंगावर काटा यायचा. मी त्या दिवशी मागे वायर बघत होते. आमच्याकडे भटजींची पहिली मंगलाष्टकं झाली की घरच्या बायका स्वतः रचलेली म्हणतात आणि शेवटचं पुन्हा भटजी म्हणतात. मावशीचं एक, मामीचं एक. नवरीची आत्या मुंबईहून आली होती. आठ कडवी, त्यात दोन्ही घराण्यांतली सगळी नावं. महिनाभर पाठ करत होती. मामीचं संपलं, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आत्याने घसा साफ केला आणि कागद वर धरला. त्याच क्षणी सनई सुरू झाली.

सनई वाजली म्हणजे झालं. मामाने अंतरपाट ओढला. नवरीने हार घातला, नवऱ्याने घातला, पोरांनी फटाके लावले. भटजी हात वर करून ओरडत होते, "अहो थांबा! मुहूर्ताला वेळ आहे अजून!" कोणाला ऐकू जाणार? मी धावत येऊन बटण बंद केलं, तेव्हा सगळ्या मांडवात एकच आवाज शिल्लक होता. आत्याचा.

"माझा म्हणाचा रवला! मुंबयसून इलंय ती काय अक्षता टाकूक? काढा ते हार!"

"अगो, घातललो हार काढूचो नसता," कोणीतरी म्हणालं.

"मगे मुहूर्त नसताना घालूचो असता?"

शेवटी नवरीच्या आजोबांनी सोडवलं. ते मध्ये उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांच्या लग्नात वाजपवाल्यान वायच घाई केल्यान. जी काय चूक झाली ती पोटात घाल, आणि दोनय घरांचा बरा कर रे म्हाराजा!" सगळा मांडव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" हार उतरवले. अंतरपाट पुन्हा धरला. आत्याने आठही कडवी म्हटली, दोन पुन्हा म्हटली, आणि लग्न मुहूर्तावर लागलं. मी यापेक्षा समाधानकारक तडजोड कुठल्याही मोर्च्यात पाहिलेली नाही.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "काका, झालं काय?"

 ते म्हणाले, "भटाचा तोंड दिसाक नाय."

त्या लग्नात आम्ही नवीन कॉर्डलेस माइक आणला होता. मीच आणला होता. भटजींनी तो तोंडाला लावून धरला आणि नंतर बायकांनीही. काकांना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. ते ओठ बघून सनई सोडत होते. कानांच्या रक्षणावर पत्रकं काढणारी मी, इतके हंगाम त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला पत्ता नव्हता. चाळीस वर्षं कर्ण्याखाली आणि पेट्यांमागे उभा राहिलेला माणूस. माझ्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य त्यांच्याबद्दल होतं, म्हणून ते शेवटपर्यंत वाचलं होतं त्यांनी.

मी म्हटलं, "दाजीकाका, यापुढे आपण मिक्सरवर बसू नये, असं मला वाटतं." असंच म्हटलं. आपण, यापुढे, असं मला वाटतं. ओरोसच्या कचेरीत बोलतात तसं. टेम्पोतल्या सगळ्यांसमोर. निर्णय बरोबर होता. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत म्हटला असता तर त्यांना निदान कळला तरी नसता. पण माझं तोंड त्यांच्याकडेच होतं.

त्यानंतर दोन लग्नांना ते वायरी गुंडाळायला आले. तिसऱ्याला निरोप आला, "वायरी गुंडाळूक तुका दुसरो कोणय गावतलो. मी आता घराक बसतंय."

तर श्रावणातला तो फोन. दुसऱ्या दिवशी मी प्रदर्शनाविरुद्ध पत्रकाचा मसुदा केला आणि तो ऐकवायला काकांकडे गेले. खरं तर त्यांना बघायला गेले होते, पण रिकाम्या हाताने जायची सवय नाही. काका पडवीत बसून जुना कर्णा पुसत होते. झाडावर कर्णे बांधणं बंद होऊन जमाना झाला.

काकू आतूनच म्हणाल्या, "घेवन जा गो तेंका खंय तरी. दिसभर माझ्या तोंडाकडे बघत रवतत. लगीन झाला तेव्हासुद्धा इतक्या बघूक नाय!"

मी समोर बसून, सावकाश, मसुदा वाचला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं : 'या बाजारात जो जास्त मोठ्याने ओरडतो त्यालाच गिऱ्हाईक मिळते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.'

"बरा लिवलंस," काका म्हणाले. "पण खोटा आसा."

"काय खोटा?"

"ह्याच. गेल्या वर्षी आमच्याकडे गिरायक इला, ता आवाजान इला?"

"मगे कशान?"

"तू मागे बटणां फिरवत हुतंस गो. गिरायकाबरोबर बोललो कोण?"

काका त्या दिवशी पुढच्या खुर्चीत बसले होते, हे मला आठवत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तेही. ते काय बोलत होते ते मी ऐकलं नव्हतं. त्या आवाजात कोण ऐकणार? मी तेच म्हटलं, आणि वर न थांबता म्हटलं, "तुमका तरी खंय आयकाक येता?"

काकू आत भांडी घासायच्या थांबल्या.

काका हसले. "माका आयकाची गरज नाय. नवरीचो बापूस काय इचारता ता मी चाळीस वर्सां बघतंय. तोंड उघडल्यान काय अर्धा कळता, उरलला ओठांवर दिसता." मग कर्णा बाजूला ठेवून म्हणाले, "थंयच माका कोणी तरी समोरसून बघल्यान. इतकी लग्ना वाजवलंय, सगळी मांडवाच्या कापडामागे रवान. तुका नाव होया हुता, तुका गावला. माका खुर्ची गावली. यंदा नाय जातलंस तर नको जाव. पण ह्या खोटा छापू नको."

घरी येऊन मला झोप लागली असती तर मी पत्रकं लिहिणारी नव्हे. आरोप करायचा तर पुरावा तपासायचा, हे मला शिकवलेलं आहे. सकाळी मी त्या पाच घरांना फोन लावले. म्हटलं, खरं सांगा, प्रदर्शनात आमच्याकडेच का आलात?

पहिले काजूवाले, आतल्या गावातले. "तुमच्या त्या काकांनी इचारल्यानी, गोठो खंय आसा? बाकीच्या कोणाक सुचला नाय. म्हटला, ह्यो माणूस आमच्या खळ्यात उभो रवललो आसा."

दुसरे ओरोसच्या वसाहतीत राहणारे कारकून. "आईचं ऑपरेशन झालेलं होतं. तुमच्या काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, घरात आजारी कोणी आहे का विचारलं. सगळ्या हॉलमध्ये आमचं बोलणं समजून घेणारा तो एकच माणूस. बाकीचे नुसते 'काय? काय?' करत होते."

मी विचारलं, "आणि आमचा आवाज?"

ते म्हणाले, "राग मानू नका. त्या आवाजाने आम्ही बाहेरच निघालो होतो. काकांनी हाताला धरून परत आणलं."

तिसऱ्या घरच्या बाईंनी डीजे मी आहे हे लग्नाच्या दिवशी पाहिलं, असं सांगितलं. चौथे आणि पाचवे काय म्हणाले ते लिहीत नाही. वेगळं काही नव्हतं.

म्हणजे मी माझा शब्द मोडला, तांबड्या दिव्यात तासन् तास वाजवलं, मेंदीवाल्या मुलीकडे पाठ फिरवली, ते कशासाठीही नाही. त्यातून कोणाचंही काही भलं झालं नव्हतं. माझंसुद्धा नाही. एखादं पाप केलं आणि त्याचा फायदा झाला, तर निदान माणूस स्वतःला हिशेबी म्हणू शकतो. मला तेही म्हणता येईना. आणि ज्या माणसाने कामं आणली, त्याला मी टेम्पोत कचेरीच्या भाषेत घरी बसवलं होतं.

मी आयोजकांना फोन लावला. "स्टॉल घेते. पण साउंड लावणार नाही."

"मॅडम, डीजेचा स्टॉल आणि साउंड नाही? मग ठेवणार काय?"

"टेबल. दोन खुर्च्या गिऱ्हाइकांना, एक आमच्या काकांना."

"लोक थांबतील का?"

"ते आमचं आम्ही बघू."

ते कागद चाळत असावेत. "तुम्ही अगदी शेवटच्या दिवशी सांगताय. आता एकच जागा आहे, अगदी कोपऱ्यात. पण स्पष्ट सांगतो, शेजारी यंदा मोठा साउंड येतोय बाहेरून. स्पीकरची भिंतच उभी करणार आहेत. ती जागा दोघांनी बघून सोडली. म्हणाले, तिथे गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलता येणार नाही."

"तीच द्या," मी म्हटलं.

त्या भिंतीविरुद्ध मी तक्रार अर्ज दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. पण अर्जाचं उत्तर प्रदर्शनाच्या आधी येईल, असा मला भरवसा नाही.

मग काकांकडे गेले. समोर बसले. सांगितलं, की तुम्ही पुढे बसायचं, फलकावर यंदा दोघांची नावं, आणि टेम्पोत त्या दिवशी बोलले ते तसं बोलायला नको होतं. शेवटचं सांगताना माझी मान खाली गेली असावी, कारण काका म्हणाले, "तोंड वर कर, दिसणा नाय." मला ते वाक्य पुन्हा सगळं म्हणावं लागलं. मग मी जागेचं सांगितलं. कोपरा, शेजारी भिंत, दोन दिवस सलग.

काकांनी एवढंच विचारलं, "उजेड खयसून येता थंय? गिरायकाच्या तोंडार पडतलो मां?"

मला माहीत नव्हतं. मी तिथूनच आयोजकांना परत फोन लावला आणि एक ट्यूबलाइट जास्त मागितली.